बिल्ला नंबर ४४१७

मंगफ, कुवेत
१६ नोव्हेंबर २०२४

उल्का,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं. मग कागद बदलला.

फोनवर तू मला ब्लॉक करून टाकलंस त्याला सात महिने झाले. शेवटच्या मेसेजमध्ये म्हणाली होतीस, काही सांगायचंच असेल तर पत्र लिही, हाताने लिहिताना माणूस दमतो आणि त्याचा राग निम्मा होतो. माझा झालेला नाही. तरी लिहितोय. खालच्या मजल्यावरच्या शलाकावहिनी उद्या जळगावला माहेरी चालल्यात. त्यांच्या बॅगेत खजुराच्या डब्याखाली हे पाकीट असेल. वास आला तर माफ कर.

तुमच्या मंडळाची जाहिरात पाहिली. विसरलेल्या मराठी बेसबॉल खेळाडूंचं सन्मान दालन, आणि त्यात ‘पूर्वसूरी’ म्हणून १९७० च्या आधीचा एकच खेळाडू. पुरावे ३१ जानेवारीपर्यंत. खाली संपर्कासाठी तुझं नाव. तुझं नाव मी दहा वेळा वाचलं आणि मग जाहिरात वाचली, हे आपलं सांगून ठेवतो.

तो खेळाडू मला सापडलाय.

इथे सगळ्या बाहेरच्या लोकांना बोटांचे ठसे द्यायची सक्ती झालीय. बसमा म्हणतात. रांगेत माझ्या पुढे एक म्हातारा होता, बरोबर तेरा-एक वर्षांची नात. त्याची उजव्या हाताची अनामिका मधल्या पेरापासून बाहेर वळलेली, काचेवर सपाट बसेना. मशीनवरचा पोरगा दाबतोय, पुन्हा दाबतोय. म्हातारा शांतपणे म्हणाला, “नको दाबू बाबा. अमेरिकनच्या बॉलनं वाकवलंय, तुज्यानं सरल नाय व्हायचं.” नात कपाळाला हात लावून म्हणाली, “दादा, नॉट अगेन.”

मराठी ऐकलं म्हणून मी विचारलं, कुठला बॉल? झालं. दोन तास गेले. नाव अहमद, वय शहाऐंशी, गाव दाभोळच्या खाडीकडचं. मुलगा इम्तियाज, त्याचा शर्कच्या बाजारात मासळीचा धंदा. नात तबस्सुम. हे अहमदचाचा १९५७ ते ५९ इथल्या अहमदी गावात तेल कंपनीत हमालीला होते. दर शुक्रवारी अमेरिकन ड्रिलर तेल शिंपडून बसवलेल्या वाळूवर बेसबॉल खेळायचे. त्या उन्हात बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसून पिचरने टाकलेले बॉल झेलायला, म्हणजे कॅचर व्हायला, एकही गोरा तयार नसायचा, म्हणून या कोकणी पोराला बसवलं. पोरगा अडीच वर्षं उठलाच नाही.

घरात कुणाचाही यावर विश्वास नाही. इम्तियाज म्हणाला, अब्बा एकदा सुरू झाले की आम्ही टीव्हीचा आवाज वाढवतो.

तुझंही तेच बोट तसंच आहे. तुझं दारात सापडलं होतं. चाचांचं म्हणणं, कॅचरचा उघडा हात, बॅटला चाटून आलेला बॉल. तू स्वतः विद्यापीठाकडून कॅचर होतीस म्हणून विचारतो, असं होतं का?

आणि एक. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं ते मी तुझ्यापासून आठ महिने लपवलं. खोट्याबरोबर संसार होत नाही असं म्हणून तू गेलीस. आता मी खोटं बोलत नाही आणि खपवूनही घेत नाही. बाबांच्या ओळखीने एका कंत्राटदाराकडे टाइमकीपर झालोय, हजेरी घेतो. परवा श्रीवर्धनचा फैसल नावाचा हेल्पर खोलीतल्या मित्राचं कार्ड मारताना पकडला. मित्र म्हणे तापाने पडला होता. सुपरवायझर दीनानाथकाका म्हणाले, “अरे, एका दिवसाचा ताप, डोळे मीट.” मी रिपोर्ट लिहिला. ज्याचं कार्ड त्याचं काम. तू असतीस तर हेच केलं असतंस.

सुयोग

*

जळगाव
५ डिसेंबर २०२४

सुयोग,

पत्र मिळालं. खजुराचा वास आहे, पण अक्षर सुधारलंय.

कामाचं आधी. अहमद यांची माहिती मी समितीचे चिटणीस सलील सर यांना दाखवली. अडचण अशी की असे दावे खूप येतात. आजोबा मिशनरी शाळेत खेळायचे, काका लष्कराच्या छावणीत खेळायचे. सगळे थोर आणि कुणाचाच कागद नाही. सलील सरांचं म्हणणं, जुन्या खेळाडूंवर अन्याय झाला तो कागदाअभावी, हे खरं. पण म्हणून कागदाशिवाय न्याय करायला बसलो तर ज्याचा नातू बोलका तो पूर्वसूरी ठरेल. आणखी एक वाद आहे. अडीच वर्षं खेळलेला माणूस पंधरा वर्षं खेळलेल्याच्या शेजारी बसवायचा का? मी म्हटलं, त्याला खेळू दिलं तेवढंच तो खेळला असेल. हे कुणी लिहून घेतलं नाही. लिहून घ्यायचं काम माझ्याकडेच आहे.

तेव्हा कागद पाहिजे. स्कोअरबुक, फोटो, काहीही.

बोटाचं विचारलंस. बोटं कशानेही वाकतात. माझं दारात सापडलं होतं, तुला माहीत आहे. त्याला पुरावा धरता येणार नाही.

फैसलबद्दल तू केलंस ते बरोबर केलंस. नियम एका माणसासाठी वाकवला की पुढच्याला तो सरळ दाखवता येत नाही. तुझ्याकडून हे ऐकून बरं वाटलं, एवढं लिहिते. यापलीकडे त्यात काही वाचू नकोस.

उल्का

*

मंगफ
२७ डिसेंबर २०२४

उल्का,

वाचू नकोस म्हणालीस. मी ते वाक्य पाठ केलंय.

आता ऐक. स्कोअरबुक सापडलं.

अहमदीतल्या जुन्या स्टाफ घरांची डागडुजी आमच्याकडे आहे. त्यात एक बंद क्लब रिकामा करायचा होता. चाचा म्हणाले होते, माळ्यावर खोकी असायची बघ. दोन दिवस माळ्यावर होतो. धूळ इतकी की थुंकलो तरी चिखल. टेनिसच्या जाळ्या, नाताळच्या टोप्या, आणि तळाला कापडी पुठ्ठ्याची वही, १९५७, ५८, ५९. पान न पान पेन्सिलीने भरलेलं. तुझ्या स्कोअरिंगच्या खुणा मी कॉलेजात तुझ्या शेजारी बसून शिकलो होतो ना, तेवढंच कॉलेज माझ्या कामी आलं.

रकाने बघ. पिचरला आडनाव, शॉर्टस्टॉपला आडनाव, राखीव बसलेल्यालाही आडनाव. कॅचरच्या रकान्यात फक्त आकडा, ४४१७. शंभरावर सामने, सगळीकडे ४४१७. गोऱ्यांना नाव, आपल्याला नंबर. मी पान फाडणार होतो रागाने, मग आठवलं की तोच पुरावा आहे.

मी मोजदाद केली, तीनदा. चोरून बेस घ्यायला धावलेले बावन्न, त्यातले एकतीस चाचांनी फेकून बाद केले. हातातून निसटलेले बॉल अडीच वर्षांत फक्त चार. चार, उल्का. तेलाच्या वाळूवर, दुसऱ्याच्या उसवलेल्या ग्लोव्हने. तुमच्या दालनात ज्यांच्या तसबिरी लागल्यात त्यातल्या एकाचा तरी असा हिशेब आहे का?

वही घेऊन गेलो तेव्हा चाचांनी आकड्यावर बोट ठेवलं, तेच वाकडं बोट. मग उठून कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. त्यात पितळी बिल्ला, रुपयाहून मोठा, वर ४४१७. तबस्सुम पहिल्यांदा मोबाइल ठेवून जवळ आली. म्हणाली, “दादा, दिस इज यू?” चाचांनी बिल्ला उचलून मागून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “हां. ह्यो मीच.”

आता महत्त्वाचं. त्यांचा अकामा मार्चअखेर संपतो आणि पुढे होणार नाही. इथे राहायचा परवाना गेला की मुलगा इथे, नात इथे, आणि ते एकटे गावी, पुतण्याच्या दारात. ते जायला तयार नव्हते. मला म्हणाले, “पोरा, सत्तर वर्सांनी रिकाम्या हातानं उतरलो तर लोक म्हंतील, ह्यानं तिकडं केलं काय? माजं नाव माज्या आधी धक्क्यावर पोचव. मंग जातो.” मी शब्द दिलाय. इम्तियाजने त्या शब्दावर तिकीट काढलंय, २७ मार्चचं.

वहीचे फोटो मंडळाच्या पत्त्यावर मेल केलेत. पत्र फक्त तुला.

सुयोग

*

जळगाव
१२ जानेवारी २०२५

सुयोग,

वही मी रात्रभर पाहिली. खरं सांगते, इतकी चांगली पानं मी पाहिलेली नाहीत. ५८ सालच्या मार्चमधल्या एका सामन्यात त्यांनी सातव्या डावात तीन धावकांना एकामागून एक बाद केलंय. मी ते पान आमच्या मुलींना दाखवलं. एक जण म्हणाली, ताई, ह्या कॅचरला नाव का नाही?

समितीतही तेच झालं. खेळाबद्दल कुणाला शंका नाही. सलील सरांचे वडील अध्यक्ष आहेत. तेही म्हणाले, पूर्वसूरी हाच, दुसरं नाव चर्चेलाही घेऊ नका. तेव्हा जागा जवळजवळ ठरलीच. फक्त नंबराला नाव जोडणारा कागद हवा. बिल्ला कुणाच्याही डब्यात असू शकतो. कंपनीच्या जुन्या नोंदवहीत ४४१७ पुढे काय लिहिलंय, त्या पानाची प्रत मिळव. ३१ तारखेच्या आत.

एवढं झालं की मी स्वतः फलकाचा मजकूर लिहीन. चाचांना सांग.

उल्का

*

मंगफ
३० जानेवारी २०२५

उल्का,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा मेल मिळालेलीच असेल. तरी सगळं क्रमाने सांगतो, म्हणजे तू म्हणशील की या वेळी तरी मी काही झाकलं नाही.

दीनानाथकाकांनी शब्द टाकला आणि नोंदवहीच्या पानाची प्रत काल हातात पडली. ४४१७. नाव यासिर. गाव तेच. रुजू १९५४.

माझं डोकं फिरलं. कागद घेऊन तसाच चाचांकडे गेलो. ते दुपारी समुद्राकडच्या बाकावर बसतात. मी बसलोही नाही. म्हटलं, “चाचा, हा यासिर कोण?”

त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा. इंग्रजी येत नाही, आकडा ओळखतात. म्हणाले, “बिल्ला त्याचाच. मी कवा बोललो माजा हाय?”

“तुम्ही म्हणालात, हा मीच.”

“तो मीच होतो. बिल्ला त्याचा होता.”

मग सांगितलं. यासिर म्हणजे त्यांच्या नूरबानूचा भाऊ. नूरबानू म्हणजे चाची, मी त्यांना पाहिलेलं नाही, वारल्या. सत्तावन्न साली यासिरला छातीचं दुखणं लागलं, गावी न्यावं लागलं. महिनाभर बिल्ला पडून राहिला तर नोकरी जायची. म्हणून घरातलाच दुसरा माणूस लाँचमधून यायचा आणि त्याच बिल्ल्यावर राबायचा. बदली. कोकणातल्या कितीतरी घरांनी असं केलं म्हणे. “गोऱ्याला आमची तोंडं सारकीच. सासरा बोलला, पोरीच्या भावाची नोकरी राख, पोरगी तुजी. मी एकोणीस वर्सांचा. नूरबानूसाटी मी दर्यातनं चालत आलो आसतो.” एकोणसाठच्या शेवटी फोटोचे बिल्ले आले. यासिर बरा होऊन परतला, त्याचा फोटो निघाला, जुनं पितळ चाचांकडे राहिलं. त्या दिवसापासून चाचा कंपनीचे नव्हते. शुक्रवारी मैदानावर गेले तर दारवानाने हाकललं. आत सामना कॅचरशिवाय अडला होता. यासिर बॉलला भ्यायचा.

मी खाली वाळूत बसलो. फैसल आठवला. तो परवा गेला, उल्का. रिपोर्टवर कंपनीने त्याला काढलं आणि परत पाठवलं. ताप आलेला मित्र त्याचा मेहुणा होता, हे मला काल कळलं. दीनानाथकाका म्हणाले, “तू लिहिलंस ते खरंच होतं रे. खरं लिहून काय मिळवलंस ते तेवढं सांग.” मी त्यांच्याशी भांडलो.

चाचा म्हणाले, “हा कागद पाठवू नको. पुस्तक पाठव. बोट पाठव.”

“बोट कसं पाठवू?”

“फोटू काड. ज्यानं बॉल झेललाय त्याला बोट वाचता येतं. कागद वाचणारा येगला.”

मी फोटो काढला. आणि कागदही पाठवला. सोबत चार पानांत बदलीची सगळी हकिगत, एक अक्षर न गाळता. कारण उद्या शेवटची तारीख, आणि कागदाशिवाय फाइल अपुरी. आणि दुसरं कारण तू. तुझ्यासमोर पुन्हा अर्धवट काही ठेवायचं नव्हतं. मला वाटतं, खरं पूर्ण सांगितलं की ते आपलं आपण उभं राहतं. तू ते उभं करशील. फलक तू लिहिणार आहेस.

चाचांना अजून सांगितलेलं नाही.

सुयोग

*

जळगाव
९ मार्च २०२५

सुयोग,

मंडळाची मेल गेल्यावर तुझं पत्र येईल असं वाटलं होतं. शिव्यांचं का होईना. महिना गेला. म्हणून मीच लिहिते. शलाकावहिनी परत चालल्यात, पाकीट त्यांच्याकडे देते.

मेलमध्ये फक्त ठराव होता. सभेत काय झालं ते तुला कळायला हवं.

तुझी चार पानं मी मोठ्याने वाचली. मग सलील म्हणाला, “बदलीची गोष्ट खोटी असेल तर प्रश्नच नाही. खरी असेल तर हा माणूस दुसऱ्याच्या नावावर राबला, असं तो स्वतःच सांगतोय. अशाला आपण मान द्यायचा? खेळ झाला हे वही सांगते. नंबर कुणाचा हे नोंदवही सांगते. मधलं सगळं म्हाताऱ्याच्या तोंडचं आहे.” अध्यक्ष म्हणाले, मग यासिर. हात वर झाले. ठराव मी लिहिला. त्यातलं शेवटचं वाक्य, ‘ज्याचा बिल्ला त्याचा मान’, सगळ्यांना आवडलं. ते मला कुठून सुचलं हे सभा संपल्यावर लक्षात आलं. तुझ्या पहिल्या पत्रातून, फैसलच्या ओळीतून.

आता जे लिहिते ते फाडून टाक.

ठरावाच्या आधी तू पाठवलेला बोटाचा फोटो पडद्यावर लावला होता. भिंतभर मोठा. अध्यक्षांनी विचारलं, “यावरून काही कळतं का कुणाला? इथे कॅचर कोण होतं?” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, बोटं कशानेही वाकतात. आणि हात टेबलाखाली घेतला.

माझं बोट दारात सापडलं नव्हतं, सुयोग. विद्यापीठाच्या शेवटच्या सामन्यात मोडलं. बॅटला चाटून आलेला बॉल, उघडा हात, मधलं पेर, बाहेरच्या बाजूला. अगदी तसंच. घरी आई म्हणाली, खेळात हात मोडलेली मुलगी म्हटलं की स्थळं मागे फिरतात, दारात सापडलं म्हण. तुला तेच सांगितलं. सलीलच्या घरीही तेच सांगितलं आहे. बसमाच्या रांगेतली हकिगत वाचली, तेव्हाच मला कळलं होतं की हा माणूस खरा आहे. डिसेंबरपासून माहीत होतं. तरी कागद मागत राहिले, कारण कागदावर भागलं तर मला माझा हात दाखवावा लागणार नव्हता.

त्या दिवशी हात वर धरला असता तर पाच मिनिटांत निकाल फिरला असता. पण मग घरी विचारलं असतं, दाराचं काय झालं, आणि हे पत्र पाठवणारा सुयोग कोण. सलीलशी माझं लग्न १८ एप्रिलला आहे. हे तुला आधी सांगायला हवं होतं.

आठ महिने लपवलंस म्हणून मी तुला सोडलं. मी चार वर्षं लपवत होते.

मंडळाने यासिर यांच्या नातवाला त्यांच्या गावी जाऊन शाल दिली. मी गेले नाही. फलकाचा मजकूर मात्र माझा आहे. ‘बावन्नपैकी एकतीस’ मी त्यात घातलं. दुसरं काही करता आलं नाही.

उल्का

*

मंगफ
२९ मार्च २०२५

उल्का,

चाचा परवा गेले.

निकाल मी त्यांना सांगितला नव्हता. इम्तियाजलाही म्हटलं, विमानात बसेपर्यंत बोलू नका. पण गावचा ग्रुप आहे ना. धक्क्यावर बॅनर लागलाय. यासिरचा फोटो, मागे कुणीतरी नेटवरून उचललेलं अमेरिकन स्टेडियम, खाली ‘आमच्या गावचा पहिला बेसबॉल वीर’. चाचांचं नाव त्यांच्या आधी धक्क्यावर पोचवायचं होतं. मी भलतंच पोचवलं. लाँचमधून उतरलं की पहिलं तेच दिसतं म्हणे.

तो फोटो तबस्सुमनेच त्यांना दाखवला. रोजा सुटायला पाच मिनिटं होती, ताटात खजूर मांडलेले. मीही होतो. ती म्हणाली, “दादा, सो इट वॉज हिम?” चिडून नाही, नुसतं विचारलं. चाचांनी चष्मा लावून फोटो पाहिला. यासिरचा चेहरा मोठा करून पाहिला. मी म्हणणार होतो की तबस्सुम, ऐक, मी वहीत मोजलंय. चाचांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“व्हय,” ते म्हणाले. “तोच खेलला.”

इम्तियाज म्हणाला, “बघा, मी म्हणत होतो.” आणि अजान झाली.

नंतर जिन्यात मी त्यांना अडवलं. म्हटलं, असं का बोललात? म्हणाले, “मी नाय बोललो तर यासिर खोटा. यासिर खोटा तर त्याची भैन खोटी, तिचं लगीन खोटं. त्या घरात मला आता मरायला जायचंय, पोरा. खोटं पाडून कसा जाऊ?” आणि मग, मला वाटतं हे त्यांना बोलायचं नव्हतं, “तुला बोललो होतो, कागद नको.”

मी फैसलचा नंबर मिळवला. काल लावला. मागे रिक्षांचा आवाज होता. म्हणाला, “बोला साहेब. कुठं सही राहिली का?” मी म्हटलं, नाही. “मग कसला फोन?” मी म्हटलं, मेहुणा बरा आहे ना? तो म्हणाला, “ठीक आहे साहेब, गिऱ्हाईक आहे,” आणि ठेवला.

तू लिहिलंस, हात वर धरला असता तर. मी ते पत्र फाडलं नाही. तू सांगितलंस ते सगळं मी करत आलो, एवढं करणार नाही. पण मी तुला दोष द्यायला बसलो तर माझ्याकडे कागदच कमी पडतील. तुझ्या नजरेत सरळ दिसावं म्हणून मी दोन माणसांना घरी पाठवलं, आणि ती नजर तेव्हा टेबलाखाली होती. लग्नाला शुभेच्छा लिहायच्या असतात. लिहिल्या असं समज.

विमानतळावर पासपोर्टच्या खिडकीत त्यांना पुन्हा बोटं ठेवायला लावली. चार बोटं लागली, ते लागेना. शिपायाने दोनदा दाबलं, वैतागला आणि तसंच सोडून दिलं. आत जाण्याआधी चाचांनी खिशातून रुमालाची गाठ काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, “ह्यो यासिरच्या पोरांचा. तू पाठव. मी नेला तर चोरला म्हंतील.”

तो बिल्ला या पाकिटात आहे. यासिरच्या नातवाने तो दालनाला द्यायचं कबूल केलंय, इम्तियाजने विचारलं. तेव्हा थेट तुझ्याकडेच पाठवतो. फलकाखाली लावा. त्यांच्याकडे पुरावा पूर्ण असावा.

लावण्याआधी एकदा उलटा करून बघ. मागे मधोमध पितळात खळगा पडलाय, अंगठा बरोबर बसेल एवढा. पासष्ट वर्षं रोज घासून पडलेला. यासिरने हा बिल्ला तीन वर्षं लावला होता. खळगा कुणाचा ते तुला सांगायला नको, तुला बोटं वाचता येतात.

ती बाजू आता भिंतीकडे जाईल.

सुयोग